अर्ध्या तासाच्या आतली हजेरी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

(नमस्कार कागदावरच घातला आहे. प्रत्यक्ष घातला तर चौसष्टाव्या वर्षी मला परत उभं करायला कोणीतरी लागेल, आणि या घरात इतरांना उभं करणारा माणूस सध्या मीच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? दुकानातल्या मोठ्या मशीनचा पट्टा बदलायचा म्हणत होतीस, तो बदललास का? इकडे सर्व क्षेम आहे. (हे लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आईचा डोळा, माझी कंबर आणि न्हाणीघरातला नळ सोडला तर उरलेलं सगळं खरोखरच क्षेम आहे.)

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या बहिणीला पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतेस, आणि तुझ्या 'हं'नंतर मला पुढचं वाक्य सुचत नाही. दुकानात दोनदा येऊन गेलो. पहिल्या खेपेला तू एका बाईंच्या झग्याची उंची घेत होतीस आणि तुझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलली नाहीस. ते मी समजू शकतो. दुसऱ्या खेपेला दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तू रिकामी बसली होतीस, आणि मला पाहून तू टाचण्या तोंडात धरल्यास. तेव्हा लेखी निवेदन देणं बरं, असं मी ठरवलं. माझा जन्म लेखी निवेदनं घेण्यात गेला, देण्याची ही पहिलीच वेळ आहे. हे पत्र टपालाने न पाठवता तुझ्या दुकानाच्या शटरखालून सरकवणार आहे, म्हणजे ते मिळालं नाही असं म्हणायची सोय राहणार नाही.

आईच्या वाढदिवसाला तू निघून गेलीस त्याला आज अकरा दिवस झाले. त्या दिवशी जे झालं त्याचा मूळ इतिहास तुला कोणी नीट सांगितलेला नाही. तो मी सांगतो, मग काय ठरवायचं ते ठरव.

वाचनालयात ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला, त्यात मी नाव घातलं हे तुला माहीत आहे. (तू तेव्हा म्हणाली होतीस, बरं झालं, तेवढेच दोन तास वहिनीला शांतता. ते मी लक्षात ठेवलेलं नाही.) तिथल्या बाई फार चांगल्या शिकवतात. वर्गात आम्ही नऊ जण, सगळ्यांचे चष्मे कपाळावर, आणि बाई आमच्या मागून फिरत 'डावीकडचं बटण काका, डावीकडचं' म्हणत असतात. स्प्रेडशीट नावाचा जो रकान्यांचा कागद त्या पडद्यावर उघडून देतात, तो पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की या यंत्रात आपल्यासारखं कोणीतरी राहतं. आडव्या ओळी, उभे रकाने, प्रत्येक घराला नंबर. एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी बसून मी हेच हाताने आखलं. बाईंनी गृहपाठ दिला की प्रत्येकाने आपल्या घरातली एखादी नोंद घ्यायची, तिचा तक्ता करायचा आणि बेरीज करून आणायची. कोणी फिरायला गेल्याची पावलं आणली, कोणी कुंड्यांना घातलेलं पाणी. माझ्याकडे आईच्या दाराशी टांगलेली वही होती.

ती वही मीच टांगली, हे मान्य. आईला काचबिंदूचं औषध सुरू झालं तेव्हा एप्रिलच्या पहिल्या तारखेला दाराच्या खिळ्याला ती अडकवली, शिसपेन्सिल दोऱ्याने बांधली, आणि सांगितलं की आपण तिघांनीही येताना वेळ लिहायची, जाताना वेळ लिहायची. आपला धाकटा भाऊ हसला. तू हसली नाहीस, लिहीत गेलीस. आत सात दहा, बाहेर सात तीस. आत एक पाच, बाहेर एक पंचवीस. दुकान उघडण्याआधी, दुपारी बंद असताना, संध्याकाळी बंद केल्यावर. दिवसातून तीन वेळा, सहा महिने, एक खाडा नाही. तुझं अक्षर मात्र वाईट आहे, एक आणि सात सारखेच काढतेस.

आता सूत्र समजावून सांगतो, कारण सगळा घोळ त्याच्यापाशी आहे. साधी बेरीज सगळ्यांना येते. पण ह्या यंत्रात निवडून बेरीज करता येते. त्या सूत्राचं नाव 'सम-इफ'. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठल्या रकान्यात बघायचं, काय शोधायचं, आणि सापडलं तर कुठल्या रकान्यातली मिनिटं जोडायची. म्हणजे 'माणूस' या रकान्यात जिथे जिथे 'ताई' आहे, तिथली तेवढीच मिनिटं उचलून बेरीज पुढ्यात. बाकीच्यांना ते हातही लावत नाही. मी घरी येऊन हिला हे सांगितलं तर ही म्हणाली, निवडून बेरीज तुम्ही लग्न झाल्यापासून करताय, त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो. (तुझी भावजय कमी बोलते असा तुझा समज आहे. ती फक्त तुझ्यासमोर कमी बोलते.)

वहीतली प्रत्येक नोंद मी एका बोटाने आत भरली. चौदा दिवस लागले. धाकट्याची बेरीज आधी उणे आली. तो शुक्रवारी संध्याकाळी सातला येतो आणि सोमवारी सकाळी सहाची गाडी धरतो; यंत्राने सहातून सात अधिक बारा वजा केले आणि प्रत्येक खेपेला उणे तेरा तास दाखवले. म्हणजे तो आईकडे येऊन जे देतो त्यापेक्षा जास्त घेऊन जातो. हिचं म्हणणं की यंत्राचं काही चुकलेलं नाही. पण बाईंनी वेळेबरोबर तारीखही घालायला शिकवली, आणि त्याचा हिशेब सुधारला: एका खेपेचे एकोणसाठ तास, झोपेसकट. अशा तीन खेपा.

आणि मग ती अट. सम-इफचा एक थोरला भाऊ आहे, त्याला एकाहून जास्त अटी घालता येतात. (त्याच्यात काय जोडायचं ते आधी सांगावं लागतं आणि अटी मागाहून. धाकट्या सूत्रात उलट. भावाभावांत इतका फरक कुठून येतो, देव जाणे.) आमच्या कारखान्यात नियम होता की अर्ध्या तासाच्या आतली हजेरी धरायची नाही. कोणी फाटकातून आत आला, दहा मिनिटं हवा खाऊन परत गेला, तर त्याला कामावर आला म्हणायचं का? नाही. तो नियम माझ्या हाडात मुरलेला. त्यामुळे मी दुसरी अट घातली, की मिनिटं तीस किंवा जास्त असली तरच जोड. सवयीने घातली. माणूस घरी येऊन चपला काढतो, तेवढ्याच सवयीने. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, हे मी इथे स्पष्ट नमूद करतो.

वाढदिवसाला सगळे जमणार म्हणून मी तक्त्याच्या तीन प्रती काढून आणल्या. आई शहाऐंशी वर्षांची झाली, त्या दिवशी तिला काय द्यावं, तर तिच्या मुलांनी तिला दिलेला वेळ, आकड्यांत. कल्पना मला उदात्त वाटली. तू दुपारी आलीस आणि कधी नव्हे ते खुर्ची ओढून आईच्या समोर बसलीस. मी उभा राहून वाचून दाखवलं. धाकटा, एकशे सत्याहत्तर तास. मी, एकशे छप्पन्न तास. ताई, शून्य.

तू कागद हातात घेतलास, चष्मा लावून तुझी ओळ वाचलीस आणि मला विचारलंस, "म्हणजे मी आलेच नाही?"

मी म्हणालो, "आलीस, पण धरता येत नाही."

ताई, एकतीस वर्षांत हे वाक्य मी किमान हजार माणसांना ऐकवलं असेल. त्यातला एकही माझा कोणी लागत नव्हता.

चिडलेल्या माणसाने ताडकन उठून निघून जायचं असतं. तुला ते करता आलं नाही, कारण आईच्या थेंबांची वेळ झाली होती. तू उठलीस, पहिल्या बाटलीतला थेंब दोन्ही डोळ्यांत घातलास आणि आईला डोळे मिटायला सांगितलंस. दोन औषधांत दहा मिनिटं जायला लागतात. ती दहा मिनिटं तू घड्याळाकडे बघत उभी राहिलीस. धाकटा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. ही पदराने आधीच पुसलेलं टेबल पुसत राहिली. मी तो कागद हातात धरून होतो, कारण कुठे ठेवावा ते कळेना. मग तू दुसरा थेंब घातलास, दोन्ही बाटल्या माझ्या हातात दिल्यास, वहीत जाण्याची वेळ लिहिलीस आणि गेलीस. नंतर बघितलं, एक्केचाळीस मिनिटं. सहा महिन्यांतली तुझी पहिली नियमात बसणारी हजेरी.

धाकट्याने दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. जाताना म्हणाला, "दादा, तू रिकामाच आहेस, बघ आता." त्याचा पहिला नंबर आल्यापासून तो जरा मोठ्यासारखं बोलायला लागला आहे. मी पिशवी भरून आईकडे राहायला आलो. मनात म्हटलं, वीस मिनिटांचं काम, दिवसातून तीनदा. कारखाना सांभाळला, त्यापुढे दोन थेंब म्हणजे काय.

पहिला थेंब आईच्या गालावर पडला. दुसरा कानात. तिसऱ्याच्या वेळी मी श्वास रोखून नेम धरला आणि तो तिच्या बंद पापणीवर मधोमध पडला, कारण बाटली खाली येताना दिसली की ती डोळा मिटते. मी म्हटलं, मिटू नकोस. ती म्हणाली, मी मिटत नाही, तो मिटतो. मग मी एका हाताने पापणी वर धरली आणि दुसऱ्या हाताने बाटली, तर माझा चष्मा नाकावरून घसरून तिच्या कपाळावर बसला. चष्मा काढला तर मला डोळाच दिसेना. महिनाभर पुरणारी बाटली चार दिवसांत संपली. औषधवाल्याने नवी देताना विचारलं की घरात पेशंट किती आहेत. मी एक म्हटल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी मी फाटकावर संशयितांकडे टाकत असे.

मधली दहा मिनिटं तू काय करतेस हे मी कधी पाहिलं नव्हतं. मी रविवारी येतो तेव्हा दुपारच्या तुझ्या फेरीला मी आतल्या खोलीत आडवा असतो. (आई सांगते, घोरत असतो. एकशे छप्पन्न तासांतले किती तास घोरण्याचे, त्याचा वेगळा रकाना करता येईल.) आता कळलं की त्या दहा मिनिटांत तू तिचे पायमोजे चढवतेस, वेणी घालतेस, पाणी भरतेस, गॅस तपासतेस, गोळ्या काढून ठेवतेस, आदल्या दिवशीची भांडी आवरतेस. सूज येऊ नये म्हणून दिलेले ते घट्ट मोजे चढवायला मला पहिल्या दिवशी एका पायाला पस्तीस मिनिटं लागली. शेवटी आम्ही दोघंही घामाघूम होऊन पलंगावर बसलो आणि मोजा घोट्यापर्यंतच आला होता. वेणीचं तर सांगत नाही. मी जे केलं ते तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, राहू दे, कोणी येणार नाहीये.

ती मला रागावत नाही, तेच वाईट आहे. ती मला 'साहेब' म्हणायला लागली आहे. साहेब, पाणी देता का. साहेब, हा डोळा झाला, तो राहिला.

मी रोजची वेळ वहीत लिहीत आलो, नियम तो नियम. एका फेरीला मला दोन तास लागतात. दिवसाचे सहा, अकरा दिवसांचे सहासष्ट. तेच काम तू अकरा तासांत केलं असतंस, आणि मोजे दोन्ही पायांत असते. आज हे सगळं सूत्रात घातलं, तर मी अकरा दिवसांत तुम्हा सगळ्यांच्या कितीतरी पुढे. म्हणजे माझ्या नियमाने जो जितका अडाणी तितका तो आईचा लाडका मुलगा, आणि ज्याला काम येतं त्याची हजेरीच नाही. कारखान्यात एक भट्टीवाला होता, सगळे त्याला 'जाळ' म्हणत. सुट्टीच्या दिवशी तो फाटकातून आत यायचा, भट्टीसमोर उभा राहून ज्वाळेचा रंग बघायचा, एक झडप अर्धा फेरा फिरवायचा आणि वीस मिनिटांत परत जायचा. मी त्याला कधीही हजर लावलं नाही. त्याने कधी विचारलंही नाही. तो निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी भट्टीला तडा गेला आणि आम्ही सगळे तीन महिने घरी बसलो. हे मला आजवर एकदाही आठवलं नव्हतं. आता रोज आठवतं.

आता मुख्य गोष्ट. परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातला दाब सहा महिने सोळा होता, तो चोवीस निघाला. डॉक्टरांनी पुन्हा मोजला, पुन्हा चोवीस. उजवा डोळा निम्मा आधीच गेलेला आहे, हे तुला माहीत आहे. त्यांनी विचारलं, "थेंब कोण घालतं?" मी म्हणालो, मी. त्यांनी कागदांची चळत मागे चाळली, सगळे सोळा पाहिले आणि विचारलं, "आधी कोण घालत होतं?"

मी तुझं नाव सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनाच सांगा." मग माझं तोंड बघून म्हणाले की दाब दोन आठवड्यांत खाली आला नाही तर शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि या वयात ती न केलेली बरी. आईने परत येताना रिक्षात माझा हात धरला. मला धीर द्यायला धरला की तोल जाऊ नये म्हणून, ते मी विचारलं नाही.

तेव्हा ताई, झालं ते झालं. मोठ्या बहिणीने मन मोठं करावं, असं आपल्यात म्हणतात. (लहान भावाने काय करावं याविषयी कोणी काही म्हणून ठेवलेलं नाही, हे सोयीचं आहे.) माझ्या हातून जे झालं ते नियमाच्या सवयीने झालं, त्यात तुला कमी लेखण्याचा हेतू नव्हता. तक्ता मी पुसून टाकला आहे. वही खिळ्यावरून काढली आहे. खिळा निघत नाही, त्यावर आईची पिशवी अडकवली. भाऊजींना नमस्कार सांग. मशीनचा पट्टा बदलला नसशील तर मी येऊन बदलून देईन, पट्टे मला येतात.

तुझा भाऊ,
(हल्ली मुक्काम आईच्या घरी, पलंगाशेजारी खाली)

ता. क. पत्राचं खरं कारण वर नीट लिहिलं गेलं नाही, म्हणून थोडक्यात: मोजा आधी उलटा करून टाचेपर्यंत घालायचा की सरळ? आणि थेंब घालताना तू आईला कुठे बघायला सांगतेस? ती म्हणते तू छताकडे बघ म्हणतेस, पण छताकडे बघितलं की मला तिचा डोळा नुसता पांढरा दिसतो आणि माझा नेम चुकतो. तू एकदा येऊन दाखव. मी बाजूला उभा राहून बघेन, मध्ये बोलणार नाही.

ता. क. दुसरी. वर सवयीबद्दल जे लिहिलं आहे ते खरं नाही. पहिली बेरीज मी अटीशिवायच केली होती. तीत तू पहिली होतीस. एकशे त्र्याऐंशी तास. साडेपाचशेला एक कमी, इतक्या वेळा तू आली होतीस, आणि सगळ्यात मोठी फेरी एकोणतीस मिनिटांची, नळ फुटला त्या दिवशीची. धाकटा दुसरा. मी तिसरा. तिघांत तिसरा. दिवसभर रिकामा असलेला मी. तो आकडा बघून मी कॉम्प्युटर बंद केला, चहा घेतला, पुन्हा सुरू केला आणि मग अट घातली. अटीने तू शून्य झालीस हे मला वाढदिवसाच्या चार दिवस आधीपासून माहीत होतं. तरी प्रती काढल्या. दुसऱ्या नंबरासाठी केलं, ताई. पहिल्यासाठीसुद्धा नाही. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. मला लाज वाटते.

ता. क. तिसरी. हे आई सांगते तसं लिहितोय. एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही, तिने परत वाचून घ्यायला लावलं.

'बाळ, हा लिहिताना मोठ्याने वाचतो, त्यामुळे मी सगळं ऐकलं आहे. ह्याला माफ करायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये पडणार नाही. थेंब हा शिकेल. काल बारापैकी नऊ डोळ्यांत पडले. तू थेंब घालायला येऊ नकोस. तू आलीस की मान मागे कर म्हणतेस, थेंब घालतेस, आणि डोळे मीट म्हणतेस. मी मिटते. तुझ्या बांगड्या स्वयंपाकघरात वाजतात तेवढ्या ऐकते. मग दुसरा थेंब, परत मीट. उघडते तेव्हा तू दारात चपला घालत असतेस, तीही धुरकट. सहा महिने रोज तीनदा आलीस, आणि मी तुला पाठमोरीच बघितली. वाढदिवसाला समोर बसलीस तेव्हा म्हटलं, किती पिकली ही, मला कळलंच नाही. तर एकदा नुसती ये. खुर्ची उजेडात ठेवते. डोळे आहेत तोवर तुला नीट बघून घेऊ दे.'